सेंट ओडोच्या मठातली पेटी

३ मे २०२५, शनिवार

मॉरिसव्हिलहून सकाळी सातला निघालो. घरात बसून तुम्ही कंटाळलात, बाबा, डोंगराकडे चक्कर मारू, असं अदिती म्हणाली. प्रसादला शनिवारीही मीटिंग, म्हणून सून आणि सासरा दोघंच. बेल्ट लावा, गाडी केव्हाची ओरडतेय, म्हणाली. गाडी काही ओरडत नव्हती, पण मी लावला. उगाच वाद कशाला.

तीन तासांनी तिने हायवे सोडला आणि पाऊण तास वळणं घेत एका ख्रिस्ती मठापाशी गाडी आणली. इथे काय आहे, विचारलं तर म्हणाली, सहज, जुनं आहे म्हणून. सेंट ओडोचा मठ, बेनेडिक्टाइन साधूंचा. यंदा दीडशे वर्षं पुरी होतात. दगडी चर्च, दोन मनोरे, मागे सफरचंदाची बाग. झाडं भरपूर, पण इथल्या पक्ष्यांना आवाज म्हणून नाही.

दारातच एक साधू उभे होते. काळा झगा, उंच, ऐंशीला टेकलेले. नाव ब्रदर कॉनराड, मठाचे ऑर्गनवादक. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सो, यू आर द जेंटलमन फ्रॉम सांगली." अदितीने फाटकावरच सांगितलं असणार. इथल्या लोकांना चौकशा फार.

चर्चमध्ये मोठा पाइप ऑर्गन होता तिथे आता मोकळी भिंत आहे. गेल्या सप्टेंबरच्या वादळात छप्पर गळलं, सगळे पाइप दुरुस्तीला गेले, यायला दोन वर्षं लागतील. ते बघून आम्ही बाजूच्या बोळातून जात होतो. भिंतीला लागून चादर टाकलेलं काहीतरी होतं. मी आपणहून चादर उचलली. मला कोणी सांगितलं नव्हतं.

पायपेटी. अक्रोडाचं लाकूड, पाच सप्तकं, आवाज बदलायच्या अकरा खुंट्या. जर्मनीहून जहाजाने आलेली, साठ वर्षं मुकी. आतून बघायला मिळेल का, असं विचारायचा अवकाश, ब्रदर कॉनराडनी झग्याच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. साधूच्या खिशात स्क्रूड्रायव्हर. मला हसू आलं.

मागची फळी काढली आणि मी तिथेच जमिनीवर बसलो. अमेरिकेतल्या जुन्या पायपेट्या हवा आत ओढतात. ही आपल्यासारखी हवा बाहेर ढकलणारी. सांगलीत नाटक कंपन्यांचे ऑर्गन मी चाळीस वर्षं दुरुस्त केले, ते हिचेच भाऊबंद. हिला मी बोलती करतो, असं म्हणून मोकळा झालो. अदितीने इंग्रजीत सांगितलं. ब्रदर कॉनराडनी डोळे मिटून घेतले.

परत येताना अदिती गाणं गुणगुणत होती. काय झालंय हिला, कळलं नाही.

५ मे, सोमवार

प्रसादचं म्हणणं, बाबा, तुमचं वय एकाहत्तर. अनोळखी लोकांत दोन महिने राहणार, इंग्रजी तुम्हाला येत नाही, गोळ्या कोण देणार? मी म्हटलं, गोळ्या मी घेतो, कोणी देत नाही. खरं काय ते मला ठाऊक आहे. बाप पेट्या दुरुस्त करतो हे त्याने इथे कोणाला सांगितलेलं नाही. "म्युझिक बिझनेस" सांगतो. मंगल, त्याची आई, गेल्यावर सांगलीचं दुकान बंद करायला त्यानेच लावलं.

अदितीने माझी बाजू घेतली. मठातून अदितीला ईमेलही आला. ११ जुलैला, त्यांच्या संत बेनेडिक्टच्या सणाला, दीडशे वर्षांचा सोहळा आहे. मठाचे पहिले संगीतप्रमुख फादर मॅग्नस यांनी याच पेटीसाठी संध्याकाळची प्रार्थना रचली होती. तेव्हा यांच्याकडे दुसरा ऑर्गन नव्हता. शंभर वर्षांत ती मूळ रूपात कोणी ऐकलेली नाही. पेटी लागली तर ती गायची, नाही तर भाड्याचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड.

कीबोर्ड. म्हणजे पैठणीऐवजी पैठणीचा फोटो.

१२ मे, सोमवार. मठ

खोलीत खाट, टेबल, खुर्ची, भिंतीवर क्रूस. खिडकीतून बाग दिसते. मी पाहुणा म्हणून राहतोय. पाहुण्याला देवासारखं वागवायचं हा यांचा नियम आहे, ब्रदर कॉनराडनी पहिल्याच दिवशी सांगितलं. माझ्यासाठी वेगळी भाजी करतात. बटाटा आणि फरसबी, मीठ जेमतेम. लसणाची चटणी अदितीने दिलीय, तिच्यावर निभावतं.

जेवताना कोणी बोलत नाही. एक साधू उभं राहून पुस्तक वाचतो, बाकीचे ऐकतात. वाचणारा फारच पुटपुटतो. मला इंग्रजी कळत नाही म्हणून सोडून देतो, पण बाकीच्यांना कसं ऐकू येतं कोण जाणे. जेवायला मी रोज उशिरा पोचतो. घंटा वाजवतात म्हणे.

१५ मे, गुरुवार

आज ब्रदर कॉनराडनी ग्रंथालयातलं कपाट उघडून दाखवलं. पहिले सतरा साधू बव्हेरियाहून आले तेव्हा दोन पेटाऱ्यांत कपडे होते आणि पाच पेटाऱ्यांत संगीताच्या वह्या. हायडन, मोझार्ट, सगळं हाताने उतरवून घेतलेलं. इथे रस्ता नव्हता, छप्पर गवताचं होतं, तरी तिसऱ्या वर्षी यांनी वीस वादकांचा ताफा उभा केला. दिवसा खाणीत दगड फोडायचे, संध्याकाळी व्हायोलिन. आसपासचे शेतकरी बैलगाडीतून ऐकायला यायचे.

मी ब्रदर कॉनराडना आमच्या नाटक कंपन्यांचं सांगितलं. गावोगाव मांडव घालायचे, रात्रभर राग गायचे, आणि ऑर्गन बैलगाडीत गादीवर झोपवून न्यायचे, नट मागून चालत. अर्धं हातवारे करून सांगितलं. ते समजले. आम्ही दोघे त्या कपाटासमोर किती वेळ उभे होतो. मला माझ्या गावाचा असा अभिमान पुष्कळ दिवसांत वाटला नव्हता.

२२ मे, गुरुवार

भाता झाला. जुनं कापड सुपारीसारखं कडक झालं होतं, हात लावला की तुकडे. उंदरांनी आत तीन पिढ्या काढल्यात. नवं कापड, नवं चामडं, सरस. संध्याकाळी पहिल्यांदा पायाखालचा पायटा मारला. भाता भरला आणि तसाच राहिला. मी घड्याळ लावलं, दीड मिनिट. चाळिशीत बांधलेले माझे भाते एवढे टिकायचे.

एकूण दोनशे चव्वेचाळीस सूर. सूर म्हणजे पितळेची जीभ, हवेने थरथरते ती. खर्जाचा बोटाएवढा, सगळ्यात वरचा तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. एकेक काढून साफ करायचा.

अदितीचा रोज फोन येतो. ब्रदर कॉनराडशीही बोलते. तिला मठाची गोडी लागलेली दिसते.

९ जून, सोमवार

सूर लावायला घेतले. टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. केसाएवढं. हात अजून दगडासारखा स्थिर आहे, देवाची कृपा. दोन सूर एकत्र वाजवले की लाटा येतात. त्या मंद होत होत थांबल्या की जुळलं. हे पुस्तकातून येत नाही. माझ्या कानाला सांगलीत सगळे मानायचे. गायक ऑर्गन विकत घेण्याआधी मला ऐकवायला आणायचे.

मंगलची आठवण झाली. दुकानात ती स्टुलावर भाजी निवडत बसायची आणि मध्येच, "तो वरचा निषाद परत एकदा बघा हो," म्हणायची. तिला गाण्यातलं काय कळत होतं? पण तिचं मन मोडू नये म्हणून मी परत घासायचो, ती मान हलवेपर्यंत. ती गेल्यानंतरच्या वर्षात गिऱ्हाईकं भलतीच नखरेल झाली. नीट लावलेल्या पेट्या परत आणायची. काळ बदलला.

१७ जून, मंगळवार

संपलं. दोनशे चव्वेचाळीस.

ब्रदर कॉनराड वाजवायला बसले. त्यांचे हात कापतात, हे मी आज नीट पाहिलं. तरी हळूहळू एक धून वाजवली, सगळी खालच्या तीन सप्तकांत. लाकूड गाऊ लागलं. स्वयंपाकघरातून दोन साधू हात पुसत आले, मग मठाधिपती स्वतः आले. सगळे बोळात उभे. माझी छाती भरून आली, खोटं कशाला लिहू.

वर वाजवा ना, मी खुणेने सांगितलं. ब्रदर कॉनराड हसले, म्हणाले, आज एवढं पुरे. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. दमले असावेत.

२१ जून, शनिवार

लिहायची इच्छा नाही, तरी लिहितो.

शार्लटहून चाळीस गायकांचा संच तालमीला आला. त्यांच्या संचालिका मिसेस व्हिटलॉक, पन्नाशीच्या, केस पांढरे, चष्मा गळ्यात. पेटी चर्चमध्ये नेली होती. त्यांचीच एक मुलगी वाजवायला बसली. सुरुवात छान झाली. मग बाईंनी हात वर करून थांबवलं. परत सुरू, परत थांबवलं. तिसऱ्यांदा स्वतः पेटीपाशी आल्या, एकेक वरची पट्टी दाबली आणि मठाधिपतींकडे वळून बोलल्या. वरचं दीड सप्तक चढलंय, काही सूर फारच. बायकांना त्याच्याबरोबर गाता येणार नाही.

मला ते मठाधिपतींनी सावकाश, सोप्या इंग्रजीत समजावलं. मी म्हटलं, "नो. करेक्ट." दोनदा म्हटलं. चाळीस माणसं जमिनीकडे बघत होती. मी ब्रदर कॉनराडकडे पाहिलं. त्यांना कान आहे, त्यांनी बोलायला हवं होतं.

८ जुलैला शेवटची तालीम. तोवर जमलं नाही तर कीबोर्ड.

प्रसादला फोन करून म्हटलं, मला घेऊन जा. तो कारण न विचारता आला.

२२ जून, रविवार. मॉरिसव्हिल

चाळीस वर्षांत असा अपमान झाला नव्हता. इथल्या लोकांचे कान यंत्राने बिघडवलेत. जन्मभर विजेचे सूर ऐकले, त्यांना हाताने लावलेला सूर चढाच वाटणार. अदितीने तालमीचं रेकॉर्डिंग फोनवर लावलं, फोनवरचा सूर मोजायचा काटा लाल रंगात जात होता. म्हटलं, फोनला काय कळतं? तिने फोन ठेवून दिला. दिवसभर खोलीत पडून होतो.

२४ जून, मंगळवार

संध्याकाळी अदिती म्हणाली, बाबा, दहा मिनिटं द्या, नंतर हवं तर माझ्याशी बोलू नका. मला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं. डोळे मिटा, फोनवर एक सूर वाजेल, ऐकू आला की हात वर करा. प्रसाद समोर टेबलाशी बसला होता.

पहिला सूर आला, हात वर केला. दुसरा, तिसरा, चौथा. मग काहीच नाही. ती पुढचं लावायची वाट बघत मी बसून राहिलो. बराच वेळ गेला तसे डोळे उघडले, विचारायला, की सुरू कधी करणार.

अदितीच्या हातातला फोन चालूच होता. आणि समोर प्रसादने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले होते.

अदितीने फोन बंद केला. मी प्रसादला विचारलं, "कधीपासून?"

तो म्हणाला, "सात-आठ वर्षं असतील. आईला माहीत होतं. फोनवर सांगायची, वरचं सप्तक आता मी बघते, पण यांना बोलू नकोस, यांचं जगणंच त्यात आहे."

"आणि ती गेल्यावर?"

"पेट्या परत यायला लागल्या, बाबा. लोकांनी तुम्हाला बोलायच्या आत मी दुकान बंद करायला लावलं. तुमचं नाव चांगलं असतानाच."

म्हणजे मी आठ महिने या मुलावर रागावलो होतो.

२५ जून, बुधवार

मंगल भाजी निवडत बसायची. एवढंच लिहितो.

२८ जून, शनिवार. मठ

अदितीने सकाळी आणून सोडलं. प्रसाद म्हणाला होता, जायलाच हवं असं नाही, मी फोन करून कळवतो. मी म्हटलं, पेटी मी उघडली, मीच सांगणार.

ब्रदर कॉनराड बागेत बाकावर बसले होते. वाक्य मी गाडीत अदितीकडून पाठ करून घेतलं होतं. "ब्रदर, आय कॅनॉट हिअर द हाय नोट्स."

ते म्हणाले, "आय नो."

मग कधी कळलं, का बोलला नाहीत, हे अदितीने विचारलं आणि उत्तर मला मराठीत सांगितलं. जेवणाची घंटा बारीक आहे, ती मला तिसऱ्या दिवशीही ऐकू आली नाही, तेव्हाच त्यांना शंका आली. मग त्यांनी आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरले. पानासारखे हलत होते. त्यांचे हात दोन वर्षांपासून असे आहेत. चर्चमध्ये ते चुकीचं वाजवत होते आणि सबंध मठ ऐकून घेत होता, प्रेमापोटी. एका पाहुण्याने तोंडावर सांगितलं तेव्हा त्यांना कळलं. मठातल्या भावांनी आपल्याला का सांगितलं नाही म्हणून ते वर्षभर मनातून चिडले होते.

"आणि तेच मी तुमच्या बाबतीत केलं," ते म्हणाले. "मला माफ करा."

माफीची सवय मला नाही, ना मागायची, ना द्यायची. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो. म्हटलं, तुमचे कान कसे आहेत? उत्तम, म्हणाले. मी माझा हात पुढे धरला. तो हलत नाही.

आणखी काही ठरवावं लागलं नाही.

१ जुलै, मंगळवार

पद्धत बसली. मी सूर घासून बसवतो, पायटा मारतो, पट्टी दाबतो. ब्रदर कॉनराड डोळे मिटून ऐकतात. बोट वर म्हणजे सूर चढवायचा, खाली म्हणजे उतरवायचा. तळहात आडवा धरला की झालं. बहुतेक बोट खालीच जातं. मी किती चढवून ठेवलं होतं, ते आता कळतंय.

पहिल्या दिवशी मनातून फार वाईट वाटलं. मला नुसती हवा ऐकू येते आणि हा माणूस सांगतो बरोबर की चूक. दर वेळी वाटायचं, खरंच का? आज दुपारनंतर तसं वाटणं थांबलं. ते एकदाही "चालेल" म्हणाले नाहीत. एका सुराला अकरा वेळा बोट खाली केलं. असा माणूस दुकानात असता तर मी त्याला ठेवून घेतलं असतं.

५ जुलै, शनिवार

काल रात्री यांच्या देशाच्या वाढदिवसाचे फटाके होते. आज आमच्याकडे शोककळा. सगळ्यात वरच्या ओळीतला शेवटून दुसरा सूर तुटला. मी जूनमध्ये टोकाला इतकं घासलं होतं की जीभ कागद झाली होती. दोष माझाच.

असा सूर आता कुठे मिळत नाही. सांगलीहून येताना पितळेची पट्टी हत्यारांच्या पिशवीत टाकली होती, प्रसाद म्हणाला होता, विमानतळावर काढून घेतील. घेतली नव्हती. त्यातून जीभ कापली. पहिली जाड झाली, बोललीच नाही. दुसरी वाकली. तिसरी तांदळाएवढी, दुपारी चारपर्यंत घासली. भिंग लावून. ब्रदर कॉनराड दिवा धरून उभे होते, दिवा हलत होता, तेव्हा त्यांनी तो दोन पुस्तकांत अडकवला आणि ते बाजूला बसले.

पायटा मारला. माझ्यापर्यंत काही आलं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भुवया वर गेल्या, बोट नाही. मग बोट वर, थोडं. मी घासलं. परत वर. घासलं.

तळहात आडवा.

ब्रदर कॉनराड उठले, खिडकीपाशी गेले आणि पाठ फिरवून उभे राहिले.

८ जुलै, मंगळवार

मिसेस व्हिटलॉक आल्या. तालमीआधी त्यांनी स्वतः सगळ्या पट्ट्या एकेक वाजवून पाहिल्या, खालपासून वरपर्यंत. शेवटच्या पट्टीवर बोट ठेवून बराच वेळ थांबल्या. मग चष्मा लावला, गायकांकडे वळल्या आणि पान नंबर सांगितला.

दोन तासांत एकदाही थांबवलं नाही. निघताना माझ्यापाशी येऊन नीट वाकल्या. कीबोर्डची गाडी परत पाठवायला सांगितली.

११ जुलै, शुक्रवार

चर्चमध्ये चारशे माणसं, मागे उभी असलेली वेगळी. प्रसादने रजा टाकली. त्याच्या ऑफिसातले तिघं-चौघं बायकामुलांसह बरोबर आले होते. त्यांना तो माझी ओळख करून देत होता, "माय फादर. ही इज द ऑर्गन बिल्डर." मी म्हटलं, बिल्डर नाही, रिपेअरर. तो म्हणाला, बाबा, जरा गप्प बसा.

मला आणि ब्रदर कॉनराडना पहिल्या ओळीत बसवलं होतं. साधू दोन रांगांनी आत आले, एकोणतीस जण, सगळ्यात तरुण पंचविशीचा, सगळ्यात म्हातारा चाकाच्या खुर्चीत. पेटीने पहिला खर्ज धरला तेव्हा दगडी फरशी तळपायाला कळली. साधू गायचे, मग गायक गायचे, आणि त्या दोघांच्या मधून पेटी चालायची. आपल्याकडे नट दमला की ऑर्गन त्याला हळूच सावरून घेतो, अगदी तसं. फादर मॅग्नसला हे दीडशे वर्षांपूर्वी या डोंगरात कोणी शिकवलं असेल?

शेवटच्या स्तोत्राच्या अखेरीला गायक एकेक करून थांबतात आणि पेटीचे सगळ्यात वरचे सूर एकटे उरतात. वाजवणाऱ्या मुलीचा हात वर सरकत गेला. एका ठिकाणी माझ्यासाठी संगीत संपलं. तिची बोटं चालू होती. मी मागे वळून पाहिलं. चारशे चेहरे ऐकत होते. एक बाई ओठ किंचित उघडे ठेवून बसली होती, एक म्हातारा टोपी छातीशी धरून. अदितीचे डोळे भरले होते. प्रसाद ऐकत नव्हता, तो माझ्याकडे बघत होता. कानाला काही आलं नाही, पण ती बोटं ज्या पट्टीवर होती तिथला सूर मी केलेला होता आणि तो बरोबर होता. आयुष्यात इतकी खात्री मला स्वतःच्या कानानेही कधी दिली नसेल.

नंतर मठाधिपतींनी माझं नाव घेतलं, "डिगंबर वॉल्वेकर ऑफ सांगली." सांगली मात्र स्वच्छ म्हणाले, सराव केला असणार. लोक उठून उभे राहिले. मीही उठलो, कोण आलं ते बघायला. अदितीने खाली बसवलं.

बाहेर अंगणात लिंबूसरबत होतं. टेनेसीहून आलेले एक पाद्री गर्दीतून माझ्यापर्यंत पोचले. त्यांच्या चर्चमध्येही अशीच पेटी आहे, शंभर वर्षांची, कोणी हात लावायला तयार नाही. त्यांनी विचारलं, "आर यू द ट्यूनर?"

"हाफ," मी म्हटलं, आणि ब्रदर कॉनराडकडे बोट केलं. "अदर हाफ."

पाद्रींनी दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, सप्टेंबरमध्ये दोघांना यायला जमेल का? ब्रदर कॉनराडनी मठाधिपतींकडे पाहिलं. मठाधिपती म्हणाले, या माणसाने वीस वर्षांत माझ्याकडे बाहेर जायची परवानगी मागितलेली नाही. खुशाल घेऊन जा, फक्त ऑर्गन परत येईल तेव्हा त्याचे कान मला इथे हवेत.

ब्रदर कॉनराड सरबताचा पेला ठेवून लगबगीने आत निघाले. कुठे, मी विचारलं. बॅग शोधायला, म्हणाले, कारण त्यांच्याकडे बॅगच नाही. मी सांगितलं, सप्टेंबरला दोन महिने आहेत.

म्हणाले, एकोणतीस साधूंच्या मठात एक बॅग सापडायला तेवढे लागतील.